फोटोतल्या ताऱ्याचं तेज मोजणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातून मी काही वर्षांपासून जुन्या डीएसएलआरनं ताऱ्यांचं तेज मोजून राहिलो. हरभऱ्याच्या जागलीला वावरात असलो की कॅमेरा धुऱ्यावर लावलेला असतो. शाळेतली पोट्टी, शेजारचे शेतकरी, इंजिनिअरिंगची पोरं, सगळे येऊन तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं.

तेज मोजणं म्हणजे नेमकं काय? फोटोत तर दिसूनच राहिलं ना तारा किती चमकते ते?

दिसते, पण किती ते सांगता येत नाही. फोटो हा कॅमेऱ्याच्या लेखी आकड्यांचा तक्ता असतो, प्रत्येक पिक्सेलला एक आकडा, तिथे जेवढा प्रकाश पडला तेवढा मोठा. ताऱ्याच्या ठिपक्यातल्या सगळ्या पिक्सेलचे आकडे जोडायचे, त्यातून आकाशाचा उजेड वजा करायचा, आणि जे उरते ते त्याच फोटोतल्या एखाद्या माहितीच्या ताऱ्याशी ताडून पाहायचं. झालं प्रकाशमापन. कापूस तोलताना बोरा धरून वजन करतात आणि मंग बोऱ्याचं वजन काढून टाकतात ना, तसंच हे. बाकी सगळी कटकट ही तोल बरोबर यावा म्हणून.

ताऱ्याच्या तेजाच्या आकड्याला प्रत म्हणतात, ती उलटी काहून असते? जास्त तेजस्वी ताऱ्याचा आकडा लहान कसा?

दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ग्रीक लोकांनी डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांचे सहा वर्ग पाडले, सगळ्यात ठळक ते पहिल्या वर्गाचे आणि जेमतेम दिसणारे सहाव्या. तीच सवय पुढे चालू राहिली. १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन यांनी तिला गणितात बसवलं, ५ प्रतींचा फरक म्हणजे बरोबर १०० पट प्रकाश, म्हणून १ प्रतीचा फरक म्हणजे साधारण २.५१२ पट. हे पॉगसन पुढे १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आले आणि १८९१ मध्ये वारले तोपर्यंत तिथंच होते. त्यांच्याच हाताखाली काम करणारे चिंतामणी रघुनाथाचार्य यांनी १८६७ मध्ये आर रेटिक्युली हा तारा रूपविकारी आहे हे शोधलं. रूपविकारी म्हणजे ज्याचं तेज कमीजास्त होते असा तारा. हे मी पोट्ट्यांना मुद्दाम सांगतो, कारण त्यांना वाटते हे काम परदेशातच होते.

अंदाजासाठी काही आकडे: अभिजित जवळपास ०, व्याध उणे १.४६, ध्रुव साधारण २, पूर्ण चंद्र उणे १२.७.

मोबाईलनं होते का?

फोटो छान येते, मोजमाप सहसा होत नाही. नाईट मोडमध्ये मोबाईल चार-दहा फोटो एकावर एक रचतो, नॉइज म्हणजे फोटोतली खरखर पुसतो, मंद भाग उजळवतो, आणि हे सगळं तुम्हाला न विचारता करतो. काही मोबाईलमध्ये प्रो मोडला रॉ फाईल, म्हणजे सेन्सरचे आकडे जसेच्या तसे ठेवलेली फाईल, मिळते, ती असेल तर ठळक ताऱ्यावर प्रयत्न करून पाहा.

२ एप्रिल २०२२ ची रात्र आठवते का, गुढीपाडवा होता, विदर्भाच्या आकाशातून जळत जाणारी रांग दिसली होती आणि सिंदेवाहीकडे लाडबोरीत मोठी लोखंडी रिंग पडली, चिनी रॉकेटचे तुकडे होते ते. माझ्याकडे त्याचे लय व्हिडिओ आले आणि प्रत्येकानं विचारलं की किती तेजस्वी होतं. एकाही व्हिडिओवरून सांगता आलं नाही, कारण सगळ्यांत तो भाग नुसता पांढरा फट्ट होता. पिक्सेल भरून वाहायला लागला की त्याच्यापुढे किती प्रकाश आला हे कोणीच सांगू शकत नाही. बादली भरल्यावर नळ किती वेळ चालू होता ते कसं कळणार.

सेकंडहँड डीएसएलआर, ५० एमएमची लेन्स आणि ट्रायपॉड एवढ्यावर पाचव्या-सहाव्या प्रतीपर्यंतचं काम आरामात होते. दुर्बीण नसली तरी चालते.

जेपीजी काहून चालत नाही?

जेपीजी डोळ्यांसाठी बनवलेली असते. तिच्यात दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा नसतो, मंद भाग वर ओढलेला आणि ठळक भाग दाबलेला असतो, आणि आकडे फक्त ० ते २५५. रॉ फाईल १४ बिटची असेल तर ० ते १६,३८३ पर्यंत आकडे असतात आणि प्रकाश दुप्पट झाला की आकडा दुप्पट होतो. मोजायला हाच सरळपणा लागते. त्यामुळे जेपीजीवरून काढलेली प्रत मला पाठवू नका, मी ती तपासूच शकत नाही.

कॅमेऱ्याच्या सेटिंग काय ठेवायच्या?

मॅन्युअल मोड, रॉ, आयएसओ १०० ते ४०० मधलं एक धरा आणि रात्रभर तेच ठेवा. लेन्सचं भोक पूर्ण उघडं ठेवू नका, एफ ४ च्या आसपास आवळा. एक्स्पोजर ५ ते १० सेकंद, असे दहा-वीस फोटो. कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन बंद.

आणि फोकस थोडा बिघडवा. हो, मुद्दामच. हे ऐकून लोक चमकतात पण कारण साधं आहे. कलर कॅमेऱ्यात प्रत्येक चार पिक्सेलपैकी दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो, आणि टाचणीच्या टोकाएवढा तारा नेमका लाल पिक्सेलवर पडला तर हिरव्यात तो दिसणारच नाही, पुढच्या फोटोत हिरव्यावर सरकला तर एकदम उजळलेला वाटेल. थोडा पसरला की सगळ्या पिक्सेलला वाटा मिळतो, आणि एकही पिक्सेल भरून वाहत नाही. सगळ्यात ठळक पिक्सेलचा आकडा ११,००० च्या खाली राहिला पाहिजे, फोटो काढल्याबरोबर झूम करून पाहत जा.

मोजायला हिरवा चॅनल घ्यायचा. खगोलशास्त्रात व्ही नावाचा फिल्टर वापरतात, त्याच्या सगळ्यात जवळ आपल्या कॅमेऱ्याचा हिरवाच येतो.

आकाशाचा उजेड वजा करायचा म्हणजे काय, एवढं महत्त्वाचं आहे का ते?

लय महत्त्वाचं. उदाहरण घेऊन पाहू, आकडे सोपे घेतले आहेत.

ताऱ्याभोवती ६ पिक्सेल त्रिज्येचा गोल काढला, त्यात ११३ पिक्सेल येतात. त्यांची बेरीज आली ५०,०००. आता त्याच्या बाहेर थोडी जागा सोडून एक कडं काढायचं, बांगडीसारखं, ज्यात तारा नाही नुसतं आकाश आहे. तिथल्या पिक्सेलचा मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, आला २००. सरासरी घेऊ नका, कड्यात एखादा बारका तारा सापडला की सरासरी फुगते, मध्यक फुगत नाही. म्हणजे आपल्या गोलात आकाशाचे ११३ गुणिले २०० बरोबर २२,६०० आले. ताऱ्याचे खरे उरले २७,४००.

तुलनेच्या ताऱ्याची तशीच बेरीज ९१,१००, आकाश काढून ६८,५००. भागाकार ०.४. त्याचा लॉग घेऊन उणे २.५ नं गुणलं की ०.९९. तुलनेचा तारा ४.१० प्रतीचा असेल तर आपला तारा ५.०९.

आकाश वजा न करता हेच केलं असतं तर भागाकार ०.५५ आला असता आणि उत्तर ४.७५. एक तृतीयांश प्रतीची चूक, आणि ती कुठं दिसतही नाही, उत्तर अगदी शहाण्यासारखं वाटते. माझी पहिली काही रीडिंग अशीच गेली.

गोल केवढा घ्यायचा हे विचारतात. ताऱ्याच्या ठिपक्यातला आकडा मधल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या अर्ध्यावर येतो तिथं ठिपका जेवढा रुंद आहे त्याच्या दीड-दोन पट त्रिज्या घ्या, फार मोठा घेतला तर आकाशाचाच कचरा गोळा होतो, फार लहान घेतला तर ताऱ्याचा प्रकाश बाहेर राहतो. पण जो घेतला तो सगळ्या ताऱ्यांना सारखाच ठेवा.

तुलनेचा तारा कोणता घ्यायचा? कोणताही चालते का?

नाही ना. ज्याची प्रत पक्की माहीत आहे आणि जो स्वतः बदलत नाही असाच पाहिजे. त्याचा रंगही आपल्या ताऱ्याशी मिळताजुळता असलेला बरा, आणि फोटोत शक्यतो जवळ.

ययाती तारकासमूहातला अल्गोल हा रूपविकारी तारा सगळे आधी मोजायला घेतात. त्याच्या अगदी शेजारी, दोनेक अंशांवर, रो पर्सी नावाचा लालसर तारा आहे. जवळ आहे, ठळक आहे, नवीन माणूस हमखास त्यालाच धरतो. तो स्वतःच ३.३ ते ४.० च्या दरम्यान हलत राहतो. ज्या वजनानं तोलायचं तेच वजन खोटं, मग माल किती आहे ते कसं समजणार.

म्हणून दोन तारे घ्या, एक तुलनेचा आणि एक तपासणीचा. तपासणीच्या ताऱ्याची प्रत आधीच माहीत आहे, तरी ती दरवेळी मोजायची. माहितीच्या आकड्याजवळ आली तर तुमचं काम बरोबर चाललं आहे, नाही आली तर त्या रात्रीचं रीडिंग बाजूला ठेवा. मला कोणी अल्गोलची प्रत पाठवली की मी पहिले तपासणीचा तारा किती आला ते विचारतो.

डार्क, फ्लॅट, बायस हे सगळं करावंच लागते का?

डार्क म्हणजे लेन्सचं झाकण लावून, तेवढ्याच सेकंदांचा, तेवढ्याच आयएसओचा फोटो. अंधारातही सेन्सर गरमीमुळे स्वतःहून आकडे तयार करतो, ते पकडायचे आणि वजा करायचे. हा गरमीचा भाग साधारण दर ६ अंशांना दुप्पट होतो, म्हणजे डिसेंबरच्या १२ अंशांच्या रात्रीपेक्षा मे महिन्याच्या ३२ अंशांच्या रात्री जवळपास दहापट. आपल्याकडचा उन्हाळा माहीतच आहे. म्हणून हिवाळ्यात काढलेले डार्क उन्हाळ्यात वापरू नका, त्याच रात्री तिथल्या तिथं काढा.

बायस म्हणजे झाकण लावून सगळ्यात कमी वेळेचा फोटो, कॅमेऱ्याचा मूळ शून्य कुठे आहे ते सांगणारा. फ्लॅट आणि डार्क नीट घेतले तर बायसनं डोकं खाण्याची गरज सहसा पडत नाही.

फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजेडाचा फोटो, त्यानं ताऱ्यांच्या फोटोला भागायचं. तो मात्र टाळू नका. लेन्सच्या मधोमध जेवढा प्रकाश पोचतो तेवढा कोपऱ्यात पोचत नाही, शिवाय सेन्सरवर धूळ असते, आणि आपल्या वावरात धुळीची कमी नाही. एकाच तेजाचे दोन तारे एक मध्ये आणि एक कोपऱ्यात असले तर कोपऱ्यातला मंद मोजला जातो. मी असं करतो: सूर्य बुडून दहा-पंधरा मिनिटं झाली की बाबांच्या जुन्या धोतराचा पांढरा तुकडा दुहेरी करून लेन्सवर ताणतो, रबर बँड लावतो, कॅमेरा डोक्यावरच्या मोकळ्या आकाशाकडे करतो आणि पंधरा-वीस फोटो घेतो, आकडे मधल्या पट्टीत येतील असं एक्स्पोजर धरून. मधूनमधून कापड थोडं फिरवतो, म्हणजे विणीची रेघ एका जागी बसत नाही. फोकस आणि एफ नंबर रात्री वापरायचा तोच पाहिजे. त्यानंतर फोकस रिंगला टेप लावून टाकतो.

सॉफ्टवेअर कोणतं?

ॲस्ट्रोइमेजजे, सिरिल, मुनिविन, तिन्ही फुकट आहेत. कॉम्प्युटरवाल्या पोरांनी पायथॉनमधलं फोटयुटिल्स घ्यावं. पण पहिल्यांदा एका ताऱ्याचं गणित हातानं, एक्सेलमध्ये करून पाहा, म्हणजे बटण दाबल्यावर आत काय होऊन राहिलं ते समजते.

माझं रीडिंग किती बरोबर आहे हे कसं समजेल?

प्रत्येक आकड्यासोबत चूक लिहा, म्हणजे तो किती इकडेतिकडे असू शकतो ते. तेजाची चूक शेकडा एक असेल तर प्रतीत ती साधारण ०.०१ येते. प्रकाशकण १०,००० गोळा केले तर त्यांची आपोआप होणारी वरखाली १०० ची असते, म्हणजे शेकडा एक, आणि हे अगदी आदर्श स्थितीत. वर आकाशाचा उजेड, सेन्सरचा नॉइज, ताऱ्याची लुकलुक मिळून डीएसएलआरला ०.०२ ते ०.०५ येते आणि ते चांगलं आहे. सरावलेल्या डोळ्याला ०.१ ते ०.२.

सोपा उपाय: वीस फोटोंची वीस उत्तरं काढा, ती किती पसरली ते पाहा. ४.१२३७ असं मला लिहून पाठवतात, सॉफ्टवेअरनं दाखवलं म्हणून. चूक ०.०४ असेल तर ४.१२ लिहा, पुढचे आकडे आपण मोजलेलेच नाहीत.

तारा क्षितिजाकडे गेला की मंद मोजला जातो, असं काहून?

हवा जास्त आडवी येते. डोक्यावर हवेचा एक थर धरला तर ३० अंश उंचीवर दोन थर होतात, आणि स्वच्छ हवेतही प्रत्येक थर हिरव्या-पिवळ्या प्रकाशातली साधारण ०.२ ते ०.३ प्रत खातो. तुलनेचा तारा शेजारीच असेल तर दोघांचं सारखंच नुकसान होते, म्हणून भागाकारात ते निघून जाते. दूर असेल तर फसलात.

कापूस संपल्यावर पऱ्हाटी जाळतात तेव्हा धुराचा पट्टा वावरांवर आडवा पसरतो आणि तो एकसारखा नसतो, फोटोच्या डाव्या बाजूला जास्त, उजवीकडे कमी. अशा रात्री मी मोजतच नाही. चंद्रपूरकडचे दोस्त कोळशाच्या धुळीबद्दल हेच सांगतात. चंद्र असला तर मात्र काम बंद करू नका, आकाशाचा उजेड वाढतो आणि चूक वाढते पण ठळक ताऱ्याचं जमते.

गावात आता एलईडी लागले, आता काय करायचं?

लाईट थेट लेन्सवर पडू देऊ नका, बंडी आडवी लावा, गोठ्याच्या मागं जा. शेजारच्या वावरात रात्रीच्या लाईनीवर मोटर चालू असते आणि खांबावर बल्ब असतो, त्याला सांगितलं तर तो वीस मिनिटं बंद करतो, माझा शेजारी करतो. आपल्याकडचा अंधार ही मोठी गोष्ट आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे विदर्भाच्या रात्रीची किंमत बाहेरच्यांना कळली आहे.

पहिला तारा कोणता घेऊ?

अल्गोल. दुसरं नाव सांगतच नाही. एकमेकांभोवती फिरणारे जोडतारे आहेत, मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या आडवा आला की प्रत २.१ वरून ३.४ पर्यंत घसरते, आणि हे दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी होते. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी मागच्यापेक्षा ३ तास ११ मिनिटं आधी. ग्रहण सुरू होण्यापासून सुटण्यापर्यंत साधारण १० तास. इंग्लंडमधल्या जॉन गुडरिक नावाच्या बहिऱ्या पोरानं १७८३ मध्ये नुसत्या डोळ्यांनी ही आवर्तनं मोजली आणि काहीतरी आडवं येत असावं असं सुचवलं, तेव्हा तो विशीतही नव्हता.

डिसेंबरमधली माझी एक रात्र सांगतो. ट्रायपॉडचे पाय काळ्या मातीत धसतात म्हणून तीन विटा ठेवल्या होत्या. साडेआठला मोजलं, २.२. साडेदहाला २.७. तोपर्यंत दहिवर पडायला लागलं, लेन्सच्या काचेवर बारीक धुकं धरलं, ते फोटोत पटकन दिसत नाही, फक्त सगळेच तारे हळूहळू मंद होत जातात. तपासणीच्या ताऱ्याचे नुसते आकडे घसरताना पाहून समजलं. मफलर लेन्सभोवती गुंडाळला, शेकोटीपाशी गरम केलेली कापडाची पुरचुंडी त्यात खोचली, दहा मिनिटांत काच मोकळी झाली. साडेबाराला ३.४. वर पाहिलं तर डोळ्यालाही कळत होतं की नेहमीचा तारा आज बसला आहे. तुरीच्या ओळीतून रोही निघून गेले आणि मला उठायचं भान नव्हतं.

वेळ कशी लिहायची?

जागतिक वेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. किंवा ज्युलियन दिवसात, जो जागतिक वेळेच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला, त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच दिवसात बसते. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाईलशी लावून घ्या आणि ते कोणत्या वेळेवर आहे ते वहीत लिहा. मी एकदा कॅमेरा आधीच जागतिक वेळेवर लावला होता आणि घरी येऊन पुन्हा साडेपाच तास वजा केले, अल्गोलचं ग्रहण वेळेच्या साडेपाच तास आधी आलं आणि दोन दिवस मी चूक ताऱ्याच्या वेळापत्रकात शोधत होतो.

काक्षी मंद झाला होता, तो आपल्याला मोजता आला असता का?

हाओ. मृगातला काक्षी नेहमी अर्ध्या प्रतीच्या आसपास असतो, तो २०१९ च्या शेवटी घसरायला लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ पर्यंत गेला. ताऱ्यानं बाहेर फेकलेल्या वायूची धूळ झाली आणि ती आपल्या बाजूनं आडवी आली, शिवाय पृष्ठभागाचा एक भाग थंड झाला होता, असं नंतर समोर आलं. अडचण एवढीच की तो फार लाल आहे. हिरवा चॅनल आणि खरा व्ही फिल्टर यांच्यातला फरक लाल ताऱ्यात उघडा पडतो, त्यासाठी रंगाची दुरुस्ती करावी लागते. शेजारचा निळसर राजन्य तुलनेला घेऊ नका, रोहिणी रंगानं जवळची आहे, पण तीही किंचित हलते.

देवयानीतली दीर्घिका ३.४ प्रतीची, मग ३.४ च्या ताऱ्याएवढी काहून दिसत नाही?

तिचा सगळा प्रकाश चंद्राच्या कितीतरी पट मोठ्या जागेवर पसरलेला आहे. एक तांब्या पाणी वाटीत ओतलं तर भरून सांडते, अंगणात ओतलं तर दिसतही नाही. म्हणून पसरलेल्या वस्तूंचं तेज दर चौरस आर्कसेकंदामागे (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग) सांगतात, आकाशाच्या अंधाराचंही तसंच, अगदी काळ्या जागी २२ च्या आसपास.

दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह समोरून जातो ते मोजता येते का?

दुर्बीण आणि आकाशासोबत फिरणारा स्टँड असेल तर येते. एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोरून ग्रह जाताना १९९९ मध्ये पहिल्यांदा पकडला, तेज फक्त दीड टक्का कमी होते. आधी अल्गोलवर दोन हिवाळे काढा.

रीडिंग पाठवायचं कुठं?

१९११ पासून चालत आलेली एएव्हीएसओ ही रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी ठेवणारी अमेरिकेतली संस्था कोणाचंही रीडिंग घेते, निरीक्षक कोड फुकट मिळतो, आणि तुलनेच्या ताऱ्यांचे पक्के नकाशेही तिथूनच काढता येतात. चूक सापडली तर रीडिंग दुरुस्त करता येते, लपवू नका.

पावसाळ्यात काय करायचं?

जुन्या फाईल काढून पुन्हा मोजा, नवीन गोल, नवीन कडं घेऊन, उत्तर किती हलते ते पाहा. लेन्स कपाटात ठेवू नका, बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या ओलावल्या की तव्यावर मंद आचेवर वाळवून घ्या. आणि जूनमध्ये घेतलेले फ्लॅट ऑक्टोबरमध्ये वापरू नका, चार महिन्यांत काचेवर काय बसलं ते आपल्याला माहीत नसते, पहिल्याच संध्याकाळी नवीन काढा.